पोचवायला आलेल्यांची जागा

मेश्राम मॅडमच्या घरात शिरायचं म्हणजे आधी दाराशी थांबावं लागे. बेल वाजवली की आतून त्यांचा आवाज येई, "थांब, बाबा कुठं हायेत पाहू दे." मग पावलं आत जात, कुठलंतरी दार ओढून घेतल्याचा आवाज येई आणि मगच समोरच्या दाराची वरची कडी, खालची कडी, कुलूप असं एकेक निघे. आपण आत गेलो की लगेच सगळं पुन्हा बंद. मी त्यांच्याकडे कामाला लागलो तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं, बाई चोरांना फार भितात. कुलूप बाहेरच्यांसाठी नव्हतंच, हे हळूहळू कळलं.

घर यवतमाळच्या कडेला लोहाऱ्यात, एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत. पुढच्या खोलीत ऑफिस. दोन कॉम्प्युटर, एक इन्व्हर्टर, आणि एका अख्ख्या भिंतीवर चिकटवलेला भला मोठा नकाशा. मी आर्णीजवळच्या तांड्यावरचा राठोड, सिव्हिलचा डिप्लोमा करून यवतमाळात लोकांच्या बंगल्यांचे नकाशे काढत होतो. विमानतळाचं काम आहे म्हटल्यावर पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मॅडम दारात आल्या त्या ढगळ टी-शर्ट, सलवार आणि पायात धावायचे बूट अशा. घरातही त्या बूट काढत नसत. कधी कुणाच्या मागे पळावं लागेल याचा नेम नव्हता.

त्या आर्किटेक्ट. आजूबाजूच्या लोकांना ते वास्तुशास्त्राचं काहीतरी वाटे. कुणी नवीन घर बांधायला काढलं की स्वयंपाकघर कोणत्या दिशेला ठेवू, असं विचारायला येई. मॅडम कुणाला हाकलत नसत. त्या घराच्या जागेवर हवा कोणत्या बाजूनं येते ते विचारत, आणि चुलीचा धूर झोपायच्या खोलीत जाणार नाही अशी दिशा सांगत. लोक समाधानानं जात. वस्तीतली चार-दोन घरं अशी आहेत की त्यांच्या मालकांना वाटतं आपण शास्त्राप्रमाणं बांधलं, पण त्यात खेळती हवा आहे ती मॅडमची.

भिंतीवरचा नकाशा दक्षिणेतल्या एका शहराच्या विमानतळाचा होता. जुनं टर्मिनल, म्हणजे प्रवाशांची इमारत, गर्दीला पुरेनाशी झाली होती आणि तिला जोडून नवा भाग बांधायचा होता. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीकडं ते काम होतं आणि कंपनीनं नकाशांचा मोठा हिस्सा मॅडमवर सोपवला होता. काम मोठं अडचणीचं. इमारतीच्या एका अंगाला विमानं उभी राहतात ती फरशी, दुसऱ्या अंगाला रस्ता आणि त्याला लागून लोकांची घरं, तिसऱ्या अंगाला इंधनाच्या टाक्या. मोकळी बाजू एकच, तीही चिंचोळी. शिवाय जुनी इमारत एक दिवसही बंद ठेवता येणार नव्हती. लोक येत-जात राहणार आणि त्यांच्या मधूनच भिंती पाडून नव्या उभ्या करायच्या. मॅडम म्हणत, "आजारी माणसाखालची चादर बदलतात ना, त्याले न उठवता, तसं काम हाय हे." हे त्या नुसतं सुचलं म्हणून बोलत नव्हत्या. शेवटची दोन वर्षं त्यांच्या आईची चादर त्यांनीच बदलली होती.

त्यांची काम तपासायची पद्धत मी दुसरीकडं कुठंच पाहिली नाही. नकाशा पुरा झाला की त्या भिंतीपाशी जात, रस्त्यावर बोट ठेवत आणि विचारत, "आता मी कोण?" मग स्वतःच ठरवत. कडेवर लेकरू आणि हातात दोन पिशव्या असलेली बाई. गुडघे गेलेला म्हातारा. पहिल्यांदा विमानात बसणारा, पाट्या वाचता न येणारा गडी. बोट हळूहळू दारातून आत शिरे, रांगेत थांबे, वळे, आणि मधेच अडे. "इथी मी घाबरली," त्या म्हणत. त्या जागी मी पेन्सिलीनं गोल करायचा. आतलं सामान मग हललं पाहिजे, भिंत सरकली पाहिजे, निदान उजेड तरी तिकडून आला पाहिजे. बाणाची पाटी लावून भागवू, असं मी एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, बाण लावायची पाळी आली म्हणजे नकाशा चुकला.

एके दिवशी त्यांनी मला विचारलं, तू कोण? मी म्हणालो, मी माझी याडी. आम्ही आईला याडी म्हणतो. मी बोट ठेवलं आणि याडीला घेऊन निघालो. काचेच्या दारापाशी आलो आणि बोट पुढं जाईना. दार आपोआप उघडतं हे याडीला माहीत नाही. आतून कुणी उघडेपर्यंत ती बाहेरच उभी राहणार. तिला ढकलाढकलीची सवय नाही. मॅडम खूप वेळ त्या दाराकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी दार आत घेतलं आणि त्याच्यापुढं एक उघडी, सावलीची पडवी काढली, म्हणजे पुढचा माणूस आत जाताना मागच्याला दिसेल. त्या दिवसापासून आमच्या नकाशात माझी याडी रोज विमानतळावर जाऊ लागली. घरी मी हे सांगितलं तर तिला ते पटलंही नाही आणि आवडल्याशिवायही राहिलं नाही.

मॅडमचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी पांढरकवड्याला काढली. मॅडम नागपूरला शिकल्या, हैदराबादच्या त्याच कंपनीत नोकरीला लागल्या, तिथं मोठमोठ्या इमारतींवर काम केलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्या दोन महिन्यांची सुट्टी काढून घरी आल्या, ती वाढत वाढत दोन वर्षं झाली. आई गेली. तोवर बाबांना विसर पडायला लागला होता. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग आपण नोकरीतून सुटलो हेच. भाऊ कॅनडात. तो फोनवर म्हणायचा, नागपुरात चांगली सोय आहे अशा लोकांची, तिथं ठेवू. मॅडम एकदा ती सोय पाहून आल्या आणि त्यानंतर त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

कंपनी म्हणाली, वडिलांना इकडं घेऊन या. तेही करून झालं. हैदराबादच्या एका उंच मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबा दिवसभर खिडकीशी उभे राहिले आणि येईल-जाईल त्याला विचारत राहिले की खाली जायचा रस्ता कुठून आहे. आठवडाभरानं मॅडम त्यांना घेऊन परत लोहाऱ्याला आल्या. काम घरूनच करू लागल्या. काम सोडावं असं त्यांना कितीदा तरी वाटलं असेल. पण त्या जुन्या इमारतीच्या कोणत्या भिंतीत काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळं कंपनी त्यांना सोडेना. आणि हे सोडलं तर घरी बसून करता येईल असं दुसरं काम मिळेना. ज्या इमारतीचा इंच-इंच त्या रोज चालत होत्या, ती त्यांनी प्रत्यक्षात एकदाच पाहिलेली, अगदी सुरुवातीला. पुढचं सगळं फोटोंवरून आणि तिथली एक साइट इंजिनिअर मुलगी व्हिडिओवर दाखवी त्यावरून.

बाबांचा दिवस शांत जाई. पण दुपार कलली की त्यांना ड्युटीची आठवण होई. ते कपडे नीट करत, दाराशी येत आणि थापा मारू लागत. "दार उघडा, गाडीचा टाइम झाला." मॅडम समजावत, चहा देत, टीव्ही लावत. कशानं जमलं नाही की आतल्या खोलीचं दार बाहेरून लावून घेत आणि कॉम्प्युटरसमोर येऊन बसत. तेव्हा त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत होत नसे. पलीकडून थापा येत राहत आणि इकडे आम्ही आणीबाणीत बाहेर पडायची दारं मोजून घेत असू.

शेजारच्या शोभाकाकू बाबांजवळ बसल्या की मॅडमना तासभर मोकळा मिळे. त्या तासात त्या बाजारात जात नसत. मला घेऊन बसस्टँडवर जात. तिथं चहाच्या टपरीशेजारी उभ्या राहून नुसतं पाहत. लोक सामान कुठं टेकवतात, लेकरं कुठं बसवतात, पाणी पिताना पिशवी कुणाच्या हातात देतात. एकदा पुण्याच्या गाडीत एक पोरगा बसत होता, नोकरीला चाललेला असावा. त्याला पोचवायला आई, मावशी, आजोबा, दोन बहिणी आणि त्यांची पोरं असा सगळा कुटुंबकबिला आला होता. गाडी हलली. खिडकीतला हात दिसेनासा झाला. मी निघायला लागलो, तर मॅडमनी माझी बाही धरली.

"गाडी गेल्यावरही लोक जात नाईत, पाह्यलं का?" त्या म्हणाल्या. "तिथंच उभे हायेत. या लोकायले बसाले जागा लागते, राठोड. गाडी गेल्यावर तर जास्त लागते."

ती मंडळी खरंच हलली नव्हती. जिथं गाडी उभी होती त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून सगळे तसेच उभे. मग आजोबा तिथंच फरशीवर टेकले.

विमानतळाच्या त्या शहरातून पुष्कळ लोक आखाती देशांत कामाला जातात. एकाला पोचवायला गावच्या गाव येतं. तिकीट नाही म्हणून त्यांना आत सोडत नाहीत, मग ते रस्त्याच्या कडेला उन्हात थांबतात. साइटच्या फोटोंमध्ये ते मागे दिसत, कुणी त्यांचा म्हणून फोटो काढत नसे. मॅडमनी नव्या इमारतीच्या पुढची ती पडवी मोठी केली, लांबच लांब, खोल सावलीची, बसायला कट्टे, प्यायला पाणी. आमच्या आपसातल्या कागदांवर तिचं नाव मराठीत होतं, पोचवायला आलेल्यांची जागा. बाकीच्या सगळ्या नकाशात त्यांनी तडजोडी केल्या, पण या पडवीला त्या कुणाला हात लावू देत नव्हत्या.

ज्या दिवशी त्या पडवीचा निकाल लागला त्या दिवशीची मीटिंग मला नीट आठवते. स्क्रीनवर चौकटीचौकटीत माणसं. विमानतळ चालवणाऱ्यांचं म्हणणं होतं की पुढची जागा दुकानांना द्यावी. मॅडम बोलायला लागल्या आणि आतून थापा सुरू झाल्या. एकानं विचारलं, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का? नेहमी अशा वेळी मॅडम आवाज बंद करून टाकत. त्या दिवशी उठल्या, आतलं दार उघडलं, बाबांना हाताला धरून आणलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. बाबांनी स्क्रीनवरच्या मंडळींना हात जोडून जयभीम केला आणि विचारलं की तुम्हाला कुठं जायचंय. कुणीतरी हसलं. मॅडम तिथूनच पुढं बोलायला लागल्या. शांतपणे सांगितलं की जाणारा माणूस अर्ध्या तासात आत निघून जातो, पोचवायला आलेला दिवसभर थांबतो. त्याला जागा दिली नाही तर तो नाहीसा होणार नाही, तो रस्त्यावर बसेल. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग एक गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले की विमानतळ प्रवाशांसाठी असतो, ज्यांच्याकडे तिकीट नाही त्यांची जबाबदारी आपल्यावर घेता येणार नाही. जागा दुकानांना गेली. मॅडम ठीक आहे म्हणाल्या.

स्क्रीन बंद केल्यावर त्यांनी बाबांना केळं सोलून दिलं. "ज्याच्याजवळ तिकीट नाई त्याले जागा नाई म्हणतात, बाबा."

बाबा खाता खाता म्हणाले, "बसू दे त्याले. कंडक्टरले मी सांगतो."

पुढचे दोन-तीन दिवस मॅडमनी त्या नकाशाला हात लावला नाही. मग एका सकाळी मी आलो तर नकाशाच्या कडेला, दुकानांच्या पलीकडं, जिथं शहराच्या बस थांबणार होत्या, तिथं एक नवी जागा निघाली होती. तिचं नाव होतं रिकाम्या ट्रॉल्या गोळा करायची जागा. ट्रॉल्या गंजू नयेत म्हणून वर खोल छप्पर. ट्रॉल्या घरंगळत रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून लांबलचक बुटकी भिंत. ती भिंत बरोबर माणूस बसेल एवढ्या उंचीची, वरचा दगड रुंद, कडा गोल केलेल्या, मांडीला टोचू नये अशा. सफाईवाल्यांना हात धुवायला म्हणून पाण्याचे नळ, तेही गार पाण्याचे. मी नकाशा पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"ट्रॉल्यायले ऊन लागते म्हणलं की सगळे हो म्हणतात," त्या म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. त्यावर कुणीही आक्षेप घेतला नाही. उलट कंपनीकडून शाबासकी आली, बारीकसारीक गोष्टींचा चांगला विचार केला म्हणून.

तो उन्हाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. मॅडम फोनवर होत्या, शोभाकाकूंनी दार उघडलं, आणि सिलिंडर आत घेऊन दार लावेपर्यंत बाबा बाहेर पडून गेले होते. आम्ही सगळी वस्ती पालथी घातली. मी टू-व्हीलर घेऊन आर्णी रोडनं पार नाक्यापर्यंत जाऊन आलो. मॅडम एमआयडीसीच्या रस्त्यानं पळत होत्या, येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवत होत्या. तीन तासांनी, पोलिसांत कळवून आम्ही घरी आलो तर फोन वाजत होता. पांढरकवड्याच्या स्टँडसमोर पानठेला चालवणारे एक गृहस्थ बोलत होते. बाबांबरोबर जुन्या काळी त्यांनी काम केलेलं. म्हणाले, मेश्राम ड्रायव्हर इथं येऊन बसलेत, काळजी करू नका, मी चहा पाजला.

मी ओळखीतली एक गाडी मागून आणली आणि आम्ही गेलो. बाबा स्टँडमधल्या एका बाकावर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. खिशात मोफत प्रवासाचं कार्ड होतं, त्यावर ते सरळ गाडीत बसून आले होते. येणारे-जाणारे त्यांना गाड्या विचारत होते आणि ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या वेळा ठणकावून सांगत होते. इतका निवांत चेहरा मी त्यांचा घरी कधी पाहिला नव्हता. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. स्टँडच्या फाटकापासून पळत आल्यानं त्यांना धाप लागली होती.

बाबांनी वर पाहिलं. "कोनाची तू, बाई? गाडी चुकली का?"

मॅडमनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "हो. चुकली."

"बस मंग. दुसरी येते."

त्या बसल्या. मला वाटलं, आता उठतील, मग उठतील. त्या उठल्या नाहीत. बापलेक शेजारी शेजारी बसून गाड्या येताना-जाताना पाहत राहिले. पानठेल्यावाल्यानं अजून एकदा चहा आणून दिला. ऊन उतरलं तेव्हा बाबाच म्हणाले की आता घरी जाऊ, आणि आम्ही निघालो. परतीच्या वाटेत बाबा मागच्या सीटवर झोपले. मॅडम पुढं माझ्या शेजारी होत्या. बराच रस्ता गेल्यावर म्हणाल्या, "मी त्यायले कोंडलं का त्यायनं मले, आता समजतच नाई, राठोड."

मी गाडी थोडी हळू केली, बाबांची झोप मोडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी विमानतळाचा नकाशा तसाच ठेवून त्यांनी स्वतःच्या घराचा नकाशा काढला. तो भिंतीवर लावला, आतल्या खोलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता मी बाबा." बोट निघालं. चार पावलांवर दार. मागं फिरलं, भिंत. पुन्हा फिरलं, कुलूप. घर लहानच होतं, त्यामुळं बोटाला फार फिरावं लागलं नाही. आठवडाभरात मिस्त्री आला. स्वयंपाकघराची मागची भिंत फोडली. घराला वळसा घालून टिनाच्या सावलीत एक रस्ता केला, तो मागच्या अंगणातून बाजूनं पुढं येऊन वऱ्हांड्यात चढायचा आणि ऑफिसमधून पुन्हा आत जायचा. कुठंच दार नाही, कुठं वाट संपत नाही. वाटेत दोन ठिकाणी बसायला कट्टे. फाटकाला कंपाउंडच्या भिंतीसारखेच पत्रे ठोकून तोच रंग दिला, म्हणजे ते फाटक आहे हे माहीत असलेल्यालाच कळावं. आतल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या.

बाबा चालायला लागले. दुपार कलली की कपडे नीट करून निघत आणि घराभोवती फेऱ्या घालत. दर फेरीला ऑफिसमधून जाताना म्हणत, "जाऊन येतो." मॅडम स्क्रीनवरून मान न काढता म्हणत, "या." थोड्या वेळानं बाबा पुन्हा येत आणि विचारत, पांढरकवडा किती राहिलं? मॅडम सांगत, पुढचाच स्टॉप. थापा बंद झाल्या. बाबांना झोप लागू लागली. मला ते इतकं आवडलं की मी चार लोकांना घेऊन ते घर दाखवायला आलो असतो. तसं बोललोही.

मॅडमना ते रुचलं नाही. "कायचं चांगलं? कुलूप दिसत नाई, एवढंच. जेल मोठं केलं मी." मग म्हणाल्या, "त्यायले निदान वाटते तरी, की ते जाऊन राह्यले."

तिकडं नवा भाग उभा राहिला. उद्घाटनाचं निमंत्रण कंपनीच्या नावानं आलं, मॅडमचं नाव कुठं नव्हतं, आणि असतं तरी त्या जाऊ शकणार नव्हत्याच. काही दिवसांनी त्या साइट इंजिनिअर मुलीनं एक फोटो पाठवला. ट्रॉल्यांच्या जागेचा. बुटक्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं बसलेली. एक बाई डबा उघडून पोरांना भरवत होती, एक म्हातारा भिंतीच्या दगडावर आडवा झाला होता. मॅडमनी फोटो मोठा करून आधी दगडाची कड पाहिली. मग माणसं पाहिली. एकेक चेहरा सरकवत पाहिला.

"ट्रॉल्या बाहेर उन्हात ठेवल्या त्यायनं," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग चहा ठेवते म्हणून आत गेल्या आणि चहा काही आला नाही. मी थोडा वेळ थांबून माझ्या कामाला लागलो.

बाबा हिवाळ्यात गेले. सकाळचा नाश्ता झाला, दोन फेऱ्या झाल्या, बरं वाटत नाही म्हणून कट्ट्यावर बसले आणि तिथंच कलंडले. वस्तीतले सगळे आले. त्रिशरण-पंचशील झालं, भाऊ कॅनडातून फोनवर रडला. पानठेल्यावाले गृहस्थ पांढरकवड्याहून आले होते, ते शेवटपर्यंत थांबले.

मला वाटलं होतं, आता मॅडम निघतील. फाटकाचे पत्रे मीच काढून दिले. पण त्या महिनोन् महिने त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. भाजी शोभाकाकू आणत. कंपनीनं कळवलं की विमानतळाच्या दुसऱ्या टप्प्याचं काम निघालंय, आता तिथंच येऊन राहा, इमारत डोळ्यांसमोर ठेवून काम करा. मॅडमनी उत्तरच पाठवलं नाही. बूट घालून त्या खुर्चीत बसून राहत. मी एकदा धीर करून विचारलं, काहून जात नाही तुम्ही?

त्यांनी त्यावर विचार केला. "घरातून निघताना 'येते' म्हणतो आपण," त्या म्हणाल्या. "कोणाले म्हणू? इतकी वर्षं मले वाटलं दार बाबायमुळं बंद हाय."

एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तोवर मला यवतमाळातच दुसरीकडं काम मिळालं होतं. संध्याकाळी जाता-येता डोकावत असे.

मग पावसाळा सरता सरता एका सकाळी त्यांचा फोन आला. गाडी आहे का, नागपूरला सोडशील का. दुपारचं विमान होतं, भिंतीवरच्या नकाशातल्या शहराचं. कारण विचारलं नाही मी. त्या एक बॅग घेऊन फाटकात उभ्याच होत्या. शोभाकाकूंनी किल्ली घेतली, डबा दिला आणि डोळे पुसत आत गेल्या. कळंब गेलं, वर्धा गेलं, मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. मधेच म्हणाल्या की कापूस या वर्षी चांगला दिसतोय. बुटीबोरीच्या पुढं त्यांनी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या.

विमानतळावर दारात रांग होती. मागं बॅगा घेतलेली माणसं घाई करत होती, त्यामुळं बोलणं असं झालंच नाही. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, जवानानं ते पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या आत गेल्या. काचेतून मला दिसत होत्या. चार पावलं जाऊन त्या हॉलच्या मधोमध थांबल्या आणि मान वर करून छत पाहू लागल्या. मी हात वर केला. त्यांचं लक्ष नव्हतं.

मागून वाहतूक पोलिसानं शिट्टी वाजवली. गाडी काढा म्हणाला. मी सांगितलं, पोचवायला आलोय.

"पोचले ना ते? मग काढा."

मी गाडीत बसलो, चावी फिरवली आणि पुन्हा एकदा काचेकडं पाहिलं. त्या अजून तिथंच उभ्या होत्या, वर पाहत, आणि माणसं त्यांना वळसा घालून दोन्ही बाजूंनी पुढं चालली होती.